टिनाचा फोटो

अकरावीच्या मुलींना मी दरवर्षी एक वाक्य लिहून देते. टिन एकदा उघडला की आतला पदार्थ काचेच्या किंवा स्टीलच्या स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात काढावा, लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. टिनावर छापलेली तारीख बंद टिनासाठी असते, उघड्यासाठी नव्हे. अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून मी हे वाक्य फळ्यावर लिहिते, त्याखाली दोन रेघा ओढते आणि परीक्षेत हमखास विचारते.

वाक्य बरोबर आहे. त्यातला शब्दही खोटा नाही. त्याच वाक्याच्या जोरावर मी माझ्या आईला तिच्या घरातून बाहेर काढलं.

आई अकोल्याला राहायची. जठारपेठेच्या मागच्या एका गल्लीत बाबांनी बांधलेलं तीन खोल्यांचं घर, पुढे ओटा, मागे मोरी आणि सीताफळाचं झाड. बाबा गेल्यावर चार वर्षं ती तिथे एकटी होती आणि आता कबूल करायला हरकत नाही, मजेत होती. सकाळी ओट्यावर भाजी निवडायला बसली की अर्ध्या तासात गल्लीतली सगळी खबरबात तिच्याकडे जमा व्हायची. कोणाच्या सुनेचं पटत नाही, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, हे सगळं तिला त्या घरातल्या माणसांच्याही आधी कळायचं.

मोठा भाऊ पुण्याला. दादाच्या फ्लॅटमध्ये आईसाठी वेगळी खोली तयार होती आणि त्या खोलीला स्वतंत्र बाथरूम होतं. तो दर फोनवर त्या बाथरूमचं वर्णन करायचा. आई ऐकून घ्यायची आणि फोन ठेवल्यावर मला म्हणायची, "मले काय बाथरूममंधी राहाचं आहे का?"

शेवटी एका दिवाळीत आम्ही तिघं ओट्यावर बसलो आणि ठरवून टाकलं. हातपाय चालतात तोवर आई अकोल्यात. पण एकदा जरी दवाखान्यात भरती करायची पाळी आली, तर निमूट पुण्याला जायचं, तेव्हा हुज्जत घालायची नाही. आई लगेच कबूल झाली, कारण बाळंतपणं सोडली तर दवाखान्याची पायरी तिनं चढलीच नव्हती. मी म्हटलं, मी लक्ष ठेवते, बडनेऱ्याला गाडीत बसलं की दीड तासात अकोला. दादा म्हणाला, "ठीक आहे, तुझ्या भरवशावर." पुण्यात गेल्यापासून त्याच्या तोंडातलं 'तुह्या' जाऊन 'तुझ्या' आलं होतं.

आता रसाचं सांगते. बाबांना आंब्याचा रस जीव की प्राण. त्यांची तिथी भाद्रपदातली पंचमी, आणि भाद्रपदात आंबा आणायचा कुठून? पहिल्या वर्षी आईनं उन्हाळ्यातच रस आटवून ठेवला होता, त्याला बुरशी आली. दुसऱ्या वर्षापासून दुकानातला टिन सुरू झाला. बाबा जन्मभर टिनातल्या रसाला नावं ठेवत आले, "पेंट आहे तो, भिंतीले लावा," म्हणायचे. आता त्यांच्या पानावर तोच वाढला जायचा. कावळ्यानं कधी तक्रार केली नाही.

टिन उघडायची आईची रीत ठरलेली होती. जुना स्क्रूड्रायव्हर आणि खलबत्त्याचा दस्ता घेऊन कडेकडेनं ठोकत जायचं, दोन बोटं पत्रा जोडलेलाच ठेवायचा आणि झाकण वर उचलायचं. मी आणून दिलेला कटर खोक्यासकट कपाटात पडून होता. एरवी उरलेलं ती डब्यात काढून ठेवायची, हे मला माहीत होतं. माझ्याच कटकटीनं तिला ती सवय लागली होती.

या वर्षी पंचमीला मी गेले नाही. कॉलेजात तपासणी होती. सुटी मिळाली नसती असं नाही, मी मागितलीच नाही. तपासणीच्या दिवशी माझी प्रयोगशाळा लखलखीत असते, साहेब लोक दोन शब्द बरे बोलतात आणि ते दोन शब्द मला हवे होते. संध्याकाळी आईचा फोन आला. "झालं सारं नीट. भटजी वेळेवर आले. तुह्या वाट्याचा रस ठेवला आहे व, रविवारी ये."

रविवारी नवऱ्याच्या मित्रमंडळीनं चिखलदरा ठरवलं. त्या दिवसांत तिथं धुकं उतरतं, दरीचा तळ दिसत नाही. मी गेले. पॉइंटवरून आईला फोटोही पाठवले आणि लिहिलं, पुढच्या रविवारी नक्की. तिनं फोन करून म्हटलं, "बरं व. मंग राहू देते." मी गरम कणीस खात होते, काय राहू देते हेही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी शेजारच्या वहिनींचा फोन आला. "ताई, तुमी लवकर या. तुमच्या आईले काल संध्याकाळपासून उलट्या होऊन राहिल्या, जुलाबबी हायेत. आमी दवाखान्यात आणलं त्याईले." मी कॉलेजात निरोप ठेवला आणि मिळेल ती गाडी पकडून निघाले.

आई खाटेवर लहान दिसत होती. हाताला सलाईन, ओठ कोरडे, वेणी सुटलेली. डॉक्टर तरुण होते आणि समजूतदार होते. म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं होतं, आता धोका नाही, परवा सोडू. मी विचारलं, कशानं झालं? ते म्हणाले, "कशानंही होतं. या दिवसांत पाण्यानंही होतं. गल्लीत आणखी कोणाला त्रास आहे का, तेवढं विचारून पाहा."

मी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नाही, कारण दुपारी आईचे कपडे आणायला मी घरी गेले आणि फ्रिज उघडला.

मधल्या कप्प्यात टिन होता. वाकवलेलं झाकण परत दाबून बसवलेलं, वर एक बशी, आत चमचा तसाच. कडेला तांबूस गंज धरला होता, उरलेल्या रसाला बारीक बुडबुडे आले होते आणि वास आंबलेला होता. पंचमीला उघडलेला टिन. मधल्या दिवसांत दुपारची लाईन जात होती आणि फ्रिज बंद राहत होता, हेही मला ठाऊक होतं.

खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. सत्तावीस वर्षं सांगत आलेली गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर खरी ठरली होती. मी टिन खिडकीतल्या उजेडात नेला, झाकण नीट उचललं, बुडबुडे दिसतील असा धरला आणि फोटो काढला. पहिला हलला म्हणून दुसरा काढला. मग घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर दादा आहे, पुण्याची वहिनी आहे, काका आणि दोन आतेभाऊ आहेत. फोटोखाली लिहिलं: "हा पाहा उघडा टिन. आठ दिवस. शंभर वेळा सांगूनही हेच. आता तरी कोणीतरी आईला समजवा." एवढ्यावर भागलं नाही म्हणून वर्गात देते ते नियमही चार ओळींत टाकले. अंगठे आले. काकांनी लिहिलं, छान माहिती.

आईला बोलायचं मी घरीच ठरवून गेले होते. ती ग्लानीत होती तरी थांबले नाही. "टिनात ठेवतात का गं उघडा रस? आठ दिवस? आणि वरून खाल्लास?" शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक ऐकत होते. मी आवाज कमी केला नाही. उलट त्यांच्याकडे पाहूनच पुढचं बोलले, वर्गात पहिल्या बाकाकडे पाहून बोलते तशी.

आई म्हणाली, "तू नाई आली न रविवारी. मंग म्हटलं, फेकाव काहून? खाऊन घेतला."

"मग डब्यात का नाही काढलास?"

"डब्बा नोता मोकळा."

"अख्ख्या घरात एक डबा नव्हता?"

"नोता," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सबब सांगते आहे, असं मला वाटलं. विद्यार्थिनी अशाच सबबी सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडी घेऊन आला. आईच्या उशाशी बसला, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि दहा मिनिटांत डॉक्टरांना फोटो दाखवायला गेला. डॉक्टर फोटो पाहून म्हणाले, यानं झालं असेल, नक्की सांगता येणार नाही. दादाला पहिले तीन शब्द पुरले. त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं मोबाईल पुढे केला. आतेभाऊ आला, काका आले, सगळ्यांनी टिन पाहिला, हळहळले आणि म्हणाले, आता एकटीला ठेवणं बरं नाही.

कॉरिडॉरमध्ये मी त्याला गाठलं. "दादा, एवढ्यावरून नको नेऊस तिला. तिचा जीव आहे इथं."

"तूच तर फोटो पाठवला."

"समजवा म्हटलं होतं मी. घेऊन जा नव्हतं म्हटलं."

तेव्हा त्याचं पुणेरी बोलणं गळून पडलं. "आता मीच वाईट का? ठरलं होतं का नाई आपलं? तिले काई झालं असतं त तू काय सांगतलं असतं लोकायले? तुह्या भरवशावर ठेवली होती न?"

त्याला उत्तर होतं. रस तिनं माझ्यासाठी ठेवला होता. मी आले असते तर तो रविवारीच संपला असता. मी धुकं पाहायला गेले होते आणि आईनं तो रस वाया जाऊ नये म्हणून खाल्ला. दोन वाक्यांत सांगण्यासारखं होतं. मी सांगितलं नाही. चूक आईची आहे हे माझ्याच हातानं चारचौघांत लिहून झालं होतं, आता त्यात माझं नाव कोण घालून घेणार? खोलीत गेलो तेव्हा दादानं आईला विचारलं, "चलशील ना मग?" आईनं माझ्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती, हे मला स्पष्ट कळलं. मी सलाईनच्या बाटलीतले थेंब पाहत राहिले. मग ती म्हणाली, "चाला. कबूल केलं होतं मी."

दवाखान्यातून निघताना गाडी पंधरा मिनिटं घरी थांबली. आईनं चार लुगडी घेतली, देव फडक्यात बांधले, बाबांचा फोटो भिंतीवरून काढला. दादानं फ्रिजचं बटण बंद केलं, दार मिटू नये म्हणून त्यात घडी केलेला पेपर अडकवला. टिन मीच कचऱ्यात टाकला. शेजारच्या वहिनी ओट्याशी आल्या होत्या, त्यांना आई म्हणाली, "दिवाळीले येतेच मी." त्या पदरानं डोळे पुसत होत्या. आई रडली नाही. गाडीत बसताना तिनं मला "येते व," म्हटलं, तेही मी बाहेरून दार लावल्यावर, काचेच्या आतून.

घट बसल्यावर तिसऱ्या दिवशी सुटी काढून मी घर आवरायला गेले. तेव्हा मला सुटी मिळाली. धान्याच्या कोठ्या रिकाम्या करायच्या होत्या, पांघरुणं उन्हात घालायची होती. भांड्यांची मांडणी पुसायला घेतली आणि वरच्या फळीवर पाहते तो फळी मोकळी. पातेली होती, ताटं होती, पण झाकणाचा एकही डबा नव्हता. लोणच्याच्या काचेच्या बरण्यासुद्धा नव्हत्या. मला वाटलं, दादानं नेले असतील.

दुपारी दाराची कडी वाजली. समोरच्या घरातली म्हातारी मावशी होती. तिच्या हातात आमचा कडीचा स्टीलचा डबा, आत भगरीचे लाडू. म्हणाली, "घट बसायची वाट पायली बाई. आता ती नाई त तुह्यापाशी देते." तिच्या मागून शेजारच्या वहिनी आल्या, काचेची बरणी घेऊन, त्यात उपवासाचा चिवडा. मग कोपऱ्यावरच्या घरातून एक डबा आला, मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत ओट्यावर सात डबे आणि दोन बरण्या जमल्या.

मला त्या गल्लीची रीत कोणी शिकवायला नको होती. मी तिथंच वाढले. पितरांच्या जेवणाचं भांडं शेजारी गेलं की ते पितृपक्षात परत येत नाही. रिकामं भांडं परत करायचं नाही, आणि त्या पंधरवड्यात तिथी झालेल्या घरी काही खायचं घालून पाठवायचं नाही. म्हणून घट बसेपर्यंत भांडी घरोघरी तशीच राहतात आणि मग काहीतरी घालून परत येतात. लहानपणी ते डबे परत आणायला मीच जायचे. आईनं पंचमीला वडे, कढी, भाजी आणि वाटीवाटी रस सात घरी पाठवला होता. माझ्या वाट्याचा काढून ठेवायला घरात खरोखरच डबा उरला नव्हता. गृहविज्ञानाच्या बाई सत्तावीस वर्षं काचेचं भांडं, स्टीलचं भांडं शिकवत होत्या, आणि त्यांच्या घरची भांडी कुठं गेली हे त्यांना आठवलं नाही.

शेजारच्या वहिनी जाता जाता म्हणाल्या, "आता बऱ्या आहेत न त्या? आमच्या घरीबी त्या हप्त्यात दोघांले तसंच झालं होतं ताई. मावशीकडच्या नातवालेबी. पाण्याचंच काईतरी होतं म्हणतात."

डॉक्टरांनी सांगितलेला एकच प्रश्न, दहा पावलांवर विचारायचा होता. टिनानं झालं की पाण्यानं, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. टिनातला रस बिघडलेला होता, ते खरंच आहे. पण मला खात्री नव्हती आणि मी खात्रीनं लिहिलं, आणि माझं लिहिणं लोकांना पटतं, तो माझा धंदाच आहे.

ओट्यावरूनच दादाला फोन लावला. डबे सांगितले, पाणी सांगितलं, चिखलदराही सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "असेल गं. पण आता ती इथं रुळते आहे. तू उगाच तिला चाळवू नकोस. घर भाड्यानं द्यायचं बघतोय मी." मी म्हटलं, निदान ग्रुपवर तरी लिहिते. तो म्हणाला, "आता काय लिहिणार? विसरले सगळे." मी तरीही लिहिलं, चांगलं लांबलचक लिहिलं. त्यावर दोन दिवसांनी काकांनी हात जोडलेले पाठवले. दुसरं कोणी काही बोललं नाही.

दिवाळीला आई आली नाही, प्रवास झेपणार नाही असं पुण्याहून ठरलं. पुढे डिसेंबरात मी पुण्याला जाऊन आले. दादाची बायको, पुण्याची वहिनी, वाईट बाई नाही, हे सांगायला हवं. तिनं आईची खोली स्वच्छ ठेवली आहे, औषधं वेळेवर देते. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी असते. फ्रिजच्या दारावर माझे चार नियम छापून लावले आहेत. वहिनी कौतुकानं म्हणाली, "तुमचेच आहेत ताई, खूप उपयोग होतो." आईनं फ्रिजमधलं काही स्वतःच्या हातानं घ्यायचं नाही, असं त्या घरात ठरलं आहे. कोणी तिला रागवून सांगितलं नाही. तिला काही होऊ नये, एवढंच.

परवा दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा अर्धाच दिसत होता, मग वाटी दिसली. वाटीत दहीभात होता. तिनं वाटी कॅमेऱ्याजवळ आणली, थोडी तिरपी केली, मला आतलं दिसावं म्हणून.

"पाह्य बरं. सकाळचा आहे. हे खाऊ का मी?"

या बाईनं आम्हाला वाढवलं, बाबांच्या आजारपणात पथ्याचं रांधलं, सात घरी डबे पाठवले. मी म्हटलं, "खा गं आई, चांगला आहे."

तिनं मान हलवली. पण चमचा उचलला नाही. वाटी तशीच हातात धरून तिनं मागे वळून पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून वहिनी "हो, चालेल," म्हणाली तेव्हाच पहिला घास घेतला.